पंचवटीतले सहा दिवे

संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस कसारा घाट चढून इगतपुरीला आली, की मुंबईकराच्या अंगावरचा घाम वाळतो आणि त्याच्या जिवात जीव येतो. निदान माझ्या तरी येतो. गेली कित्येक वर्षे मी या गाडीने नाशिकला जात आलो आहे. कुणी नाशिकला त्र्यंबकेश्वरासाठी जातात, कुणी द्राक्षांसाठी, कुणी चिवड्यासाठी. मी जातो मावशीसाठी. परंतु या खेपेला माझ्या पिशवीत मावशीच्या आवडीच्या मुगाच्या लाडवांबरोबर एक जोखमीची कामगिरीही होती. मला एक भांडण मिटवायचे होते.

ताईचा फोन आला होता. "मावशीनं हट्ट धरलाय. सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर जायचंच म्हणते. एकोणऐंशी वर्षांची बाई! आम्ही नाही म्हटलं, तर परवापासून धड जेवत नाही. तू तिचा लाडका. येऊन समजाव."

आता ज्यांना नाशिकचा सिंहस्थ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गुरू सिंह राशीत आला की बारा वर्षांनी नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरी कुंभमेळा भरतो. त्यातल्या मुख्य स्नानाच्या दिवसांना नाशिककर पर्वणी म्हणतात. पुढच्या सिंहस्थातल्या मुख्य पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. त्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या पंचवटीच्या बोळांतून जी माणसे लोटतात, त्यांची कल्पना आपल्याला दादर स्टेशनच्या जिन्यावरूनसुद्धा यायची नाही.

आणि आमच्या घराला या गर्दीची एक जुनी आठवण आहे. २७ ऑगस्ट २००३ या दिवशी पर्वणीच्या गर्दीत सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसे गेली. मावशी त्या दिवशी त्या वाटेवर होती. दुपारी ती घरी परतली ती अनवाणी, पदर फाटलेला, आणि तोंडातून शब्द नाही. त्या दिवशी काय झाले हे तिने पुढे कधीही कुणाला सांगितले नाही. २०१५ च्या सिंहस्थात आम्ही सर्वांनी मिळून तिला घरात बसवून ठेवले. तेव्हा ती बसली. आता मात्र ऐकायला तयार नव्हती.

मी घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. दारातच राळ जळल्याचा वास आला. मला वाटले, देवघरात काही पेटले. पाहतो तो जेवणाच्या टेबलावर भाची बसलेली. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका हातात डाख द्यायची कावी, दुसऱ्या हातात मावशीच्या शिवणाच्या डब्यातली सुई, आणि समोर ताईचे एक जुने बिनबाह्यांचे जाकीट उलटे करून पसरलेले.

"मामा, हलू नकोस! पायाखाली बघ. एक चिप पडलीय," हे माझे स्वागत.

ती चिप मीच शोधून दिली. करंगळीच्या नखाएवढा काळा तुकडा, दोन्ही बाजूंना चार-चार पाय. मावशी पलंगावरून म्हणाली, "कालपासून हा आठ पायांचा कोळी घरभर शोधतो आहोत आम्ही."

त्या कोळ्याचे नाव एटी-टायनी ८५. हा एक अख्खा संगणक आहे, असे भाचीने मला सांगितले, आणि मी नेहमीप्रमाणे मान डोलावली. त्याच्या पोटात आठ किलोबाइट एवढी जागा. म्हणजे किती? तर आपण वाचत आहात तो हा लेखसुद्धा त्यात मावायचा नाही. पण "दिवा लाव, थोडा थांब, विझव, पुन्हा थांब" एवढे पाठ करायला ती जागा पुष्कळ झाली. हा मजकूर आपण आपल्या संगणकावर लिहायचा, तारेने त्या चिपच्या पोटात उतरवायचा, मग तार काढून टाकायची. त्यानंतर सेल बसवला की ती चिप न चुकता, न कंटाळता तेवढेच करीत राहते. पूर्वी हे काम जाणत्या कारखान्यांतच व्हायचे. २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्ह्रेया गावी काही अध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो नावाची सोपी पाटी काढली आणि तेव्हापासून ही विद्या घराघरांतल्या जेवणाच्या टेबलांवर येऊन बसली. आमच्या ताईची तक्रार एवढीच, की ती टेबलावरून उठत नाही.

"पण हे जाकिटाला कशाला?" मी विचारले.

भाचीने मावशीकडे पाहिले, मावशीने भिंतीकडे पाहिले. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कशाला म्हणजे? आजीबाईंना पर्वणीला पाठवायचंय ना! पाठीवर दिवे लावून!"

तर भांडण असे तिहेरी होते. मावशी म्हणते जाणार. ताई म्हणते पाठवणार नाही. आणि भाची म्हणते, मावशीआजी गर्दीत हरवायला नको एवढेच ना? मग तिच्या पाठीवर असे दिवे लावू, की लांबून दिसेल. मी ज्या बाजूने मध्यस्थीला आलो होतो ती बाजू ताईची. पण भाचीने जाकीट माझ्या हातात दिले, आणि सांगायला थोडी लाज वाटते, पुढचे दोन दिवस मी मध्यस्थी विसरून गेलो.

अंगावरच्या कपड्यात दिवे बसवायचे म्हणजे तारा बसवायच्या. तारेने कपडा ताठ होतो, टोचतो, आणि दहा वेळा घडी घातली की तार तुटते. यावर उपाय म्हणजे वीज वाहून नेणारा दोरा. पोलादाच्या बारीक तंतूंचा किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनचा असा दोरा मिळतो. त्याने साधा धावदोरा घालायचा. शिवण तीच वायरिंग. अमेरिकेतल्या लिया ब्यूकली या विदुषीने कपड्यावर शिवता येईल अशी गोल, पाकळ्यांसारख्या कडांची पाटी तयार केली. २००७ साली ती लिलीपॅड या नावाने बाजारात आली, आणि शिवणकाम करणाऱ्या मुलींच्या हाती संगणक आला. भाचीनेही दोरा मागवला होता. पण दुकानदाराने "आठवड्यानं या" म्हणून सांगितले होते.

"मग आठवडाभर थांब," मी म्हटले.

"कशाला थांबायचं?" मावशी पलंगावरून उठली. तिने ट्रंक उघडली आणि तळातून एक जुनेर काढले. माझ्या आजीच्या पैठणीचे काठ होते ते. साडी केव्हाच विरली. पण आपल्याकडे काठ कोण टाकते? दोन लांब पट्ट्या कापून, गुंडाळून, डांबराच्या गोळ्यांत ठेवलेल्या. "यात जर आहे. जर म्हणजे चांदी. चांदीतून वीज जाते ना गं?"

भाची क्षणभर गप्प झाली. मग तिने मल्टिमीटर काढला. हे यंत्र विजेला वाट मिळाली की आवाज करते. एक सुई काठाच्या या टोकाला, दुसरी वीतभर पलीकडे. आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वी विणलेला तो काठ बोलला, "टींऽऽ!"

मावशी लहान मुलीसारखी हसली. दोन दिवसांनी ती पहिल्यांदा हसत होती, असे ताईने मला नंतर सांगितले. ताईने त्या रात्री तिला दूधभात वाढला आणि तो तिने खाल्लाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मामा-भाची एस. टी.ने येवल्याला निघालो. कारण सरळ होते. घरच्या काठात काही ठिकाणी मीटर बोलत होता, काही ठिकाणी मुका होत होता. जरीतले खरेखोटे ज्याला कळते त्याला विचारायला हवे होते, आणि त्यासाठी नाशिक जिल्ह्याबाहेर जायची गरज नव्हती.

नाशिकहून येवला सुमारे ८० किलोमीटर. निफाड, विंचूर असा द्राक्षांचा आणि कांद्यांचा मुलूख ओलांडत रस्ता जातो. येवला हे तात्या टोपे यांचे जन्मगाव. १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही याच गावी. आणि रघोजी नाईकांनी पैठणचे विणकर आणून वसवले तेव्हापासून ते पैठणीचे गाव. गल्लीत शिरले की मागाचा खट्‌खट् आवाज कानावर येतो आणि कुठल्या घरात शिरावे असा प्रश्न पडत नाही. ज्या घरातून आवाज येतो तिथे माणूस बसलेला असतोच.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते विणकर काका सत्तरीचे. पाय मागाच्या खड्ड्यात, नजर पदरावरच्या मोरावर. भाचीने हातातला काठ पुढे केला. त्यांनी तो नखाने खरवडला, उजेडात धरला आणि म्हणाले, "जुनी जर. रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली, वर सोन्याचं पाणी. आता अशी क्वचित. आता जर येते ती बहुतेक सुरतेहून; कुणाची तांब्याची, कुणाची नुसत्या प्लॅस्टिकच्या चकाकीची."

भाचीने परवानगी मागून मीटर काढला. तांब्याची जर बोलली. प्लॅस्टिकची, दिसायला सगळ्यात झगझगीत, ती गप्प राहिली. काकांना ही परीक्षा भलतीच आवडली. त्यांनी घरातल्या चार रिळांची तपासणी करून घेतली, आणि एका रिळाने दगा दिला तेव्हा "तरी मला वाटलंच होतं" असे म्हणून ते रीळ बाजूला ठेवले. आमच्या काठाचे मुके तुकडेही त्यांनीच दाखवले. तिथे तार झिजून गेली होती आणि नुसते रेशीम उरले होते. "एवढं कापून टाका. बाकी आणखी पन्नास वर्षं जाईल."

मग चहा आला आणि भाचीने त्यांना एक हकीकत सांगितली. ती मलाही नवी होती. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एम. आय. टी. या विख्यात संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ हे संशोधक कापडाचा संगणक करता येईल का ते पाहत होते. त्यांनी कापडाची कळपाटी केली, बोटांनी दाबता येणारी. त्यासाठी त्यांना असे कापड हवे होते, की ज्यातून एका दिशेने वीज जाईल आणि दुसऱ्या दिशेने जाणार नाही. ते त्यांना नव्याने शोधावे लागले नाही. उभा धागा साध्या रेशमाचा आणि आडवा धागा धातूची पत्ती गुंडाळलेल्या रेशमाचा, असे झिरझिरीत ऑर्गंझा कापड तयारच होते. आणि तसे कापड हिंदुस्थानात शोभेसाठी निदान शंभर वर्षे विणले जात आहे, अशी नोंद त्यांनी आपल्या निबंधात केली.

काकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे आडव्यात जर, उभ्यात रेशीम. बरोबरच आहे. मधे रेशीम असलं की जरीचा धागा जरीला शिवत नाही." एवढे बोलून त्यांनी पुन्हा धोटा हातात घेतला. जे अमेरिकेतल्या विद्वानांना उपयोगी पडले ते त्यांना मागावर बसल्या बसल्या दिसले होते. त्यात आश्चर्य करण्यासारखे त्यांना काही वाटले नाही. वाटले ते मला.

घरी आल्यावर कामाला हात घातला. आराखडा भाचीचा, टाके मावशीचे, दिव्याखाली सुईत दोरा ओवण्याचे काम माझे. जाकिटाच्या पाठीवर काठाच्या दोन पट्ट्या आडव्या लावल्या, मधे चार बोटांचे अंतर ठेवून. वरची पट्टी अधिक, खालची उणे. या दोन पट्ट्यांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे सहा एलईडी दिवे, प्रत्येकाला एक छोटा रोधक. दिवे तांबडे. पांढरे का नाहीत, असे मी विचारले. उत्तर असे, की तांबडा दिवा दोन व्होल्टच्या आसपास पेटतो, पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात. आणि आमचा बटणासारखा सेल मुळात तीन व्होल्टचा, तो जरा थकला की पांढरे दिवे आधी मान टाकतात. त्या सेलचे नाव सीआर २०३२. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. त्यात सुमारे २२० मिलिअँपिअर-तास वीज असते. दिवे सतत न लावता उघडझाप केली आणि सरासरी ५ मिलिअँपिअर खर्च धरला, तर ४४ तास निघतात. हा हिशेब भाचीने वहीच्या मागच्या पानावर केला तेव्हा ताईसुद्धा डोकावून गेली.

ताईनेच एक महत्त्वाची गोष्ट काढली. शेजारचे दीड वर्षाचे बाळ दिवसभर आमच्याकडे रांगत असते. असला सेल मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोनेक तासांतच आतून भाजतो. क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठावा लागतो. म्हणून सेलसाठी वेगळी पिशवी शिवली आणि तिला दोन प्रेसबटणे लावली. ज्या वाचकांच्या घरी चमचमणारी खेळणी आहेत त्यांनी त्यांची झाकणे आज रात्रीच तपासून पाहावीत.

पहिल्या रात्री सेल बसवला. एकही दिवा लागला नाही, आणि सेल मात्र कोमट झाला. वरच्या पट्टीची एक सुटी दशी खालच्या पट्टीला टेकली होती आणि वीज दिव्यांना वळसा घालून तिथूनच परत जात होती. मावशीने दशी कापली, टोके मेण लावून दाबली. आता दिवे लागले. पण पहिला लखलखीत, दुसरा त्याहून कमी, आणि सहावा पंगतीतल्या शेवटच्या पानावरच्या आमटीसारखा पातळ. चांदी झाली तरी वीतभर वीतभर जाता वीज थोडी थोडी गळतेच. भाचीने डोके खाजवले आणि मग अधिकाची जोडणी पट्टीच्या डाव्या टोकाला आणि उण्याची उजव्या टोकाला केली. आता कुठल्याही दिव्यातून गेले तरी वाट सारख्याच लांबीची झाली, आणि सहाही दिवे एकसारखे उजळले. पंगतीत एकाने वाढायला इकडून सुरुवात करावी आणि दुसऱ्याने तिकडून, तसेच हे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशीने ते जाकीट नऊवारीवर चढवले, आणि आम्ही चौघे गोदाघाटावर निघालो. आकाशात नुकताच काळोख भरत होता. वाटेतली मुले "आजी, आजी, पाठीवर दिवे!" म्हणून मागे लागली. मावशी अजिबात बुजली नाही.

ती नेहमीच्या वाटेने जाईना. तिने आम्हाला सरदार चौकाच्या उतारावर आणले आणि तिथे ती थांबली. उतार तसा फार मोठा नाही. दोन्ही बाजूंना घरे, दुकाने, ओटे. एरवी तिथून जाताना काही वाटणारही नाही. मावशी एका ओट्यापाशी उभी राहिली आणि बावीस वर्षांत जे बोलली नव्हती ते बोलू लागली.

"मागनं रेटा आला, तेव्हा माझे पाय जमिनीला नव्हते. चालत नव्हते मी. नेत होते मला. कुणी मुद्दाम ढकलत नव्हतं रे. मागच्याला पुढचं दिसत नव्हतं, पुढच्याला मागचं. एक चार वर्षांची पोर माझ्या पदराला लोंबकळली. तिला वर घेतलं. कुणीतरी आम्हा दोघींना ओढून या ओट्यावर बसवलं. तीन तास बसलो. तिची आई आली. काही बोलली नाही. माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोरीला घेऊन गेली. नाव विचारायचं राहिलं."

आम्ही गप्प उभे होतो. पाठीवरचे दिवे उघडझाप करीत होते.

"तुम्हाला वाटतं म्हातारीला पुण्य हवंय," ती म्हणाली. "या वाटेनं सिंहस्थात शेवटची गेले ती अधांतरी गेले. पुढच्याला मी एक्याऐंशीची. त्याच्या पुढच्याला मी असेन का? एकदा मला माझ्या पायांनी पाण्यापर्यंत जायचं आहे."

ताईने तिचा हात धरला. मी काय समजवायला आलो होतो ते मला आठवेना.

घाटावर आरतीची गर्दी होती. भाचीला प्रयोग करायचाच होता. ती वरच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली आणि मावशी माझ्याबरोबर गर्दीत शिरली. दहा पावले गेलो, वीस गेलो. फोन वाजला. "मामा, कुठं आहात? दिवे दिसत नाहीत!" दिवे चालू होते. पण मावशीची उंची जेमतेम पावणेपाच फूट, आणि तिच्या मागे उभी राहिलेली माणसे तिच्याहून हातभर उंच. मोकळ्या बोळात तीनशे पावलांवरून दिसणारे दिवे गर्दीत वीस पावलांत बुडाले. आणि ही तर रोजची आरती होती, पर्वणी नव्हे.

भाची खाली आली ती रडवेली होऊन. मावशीने तिला जवळ घेतले आणि पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बोट केले. ज्यांनी नाशिकचा पूर पाहिला आहे त्यांना हा मारुती सांगायला नको. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, असे म्हणतच नाशिककर पूर मोजतात आणि दुकाने आवरतात. "तो बघ," मावशी म्हणाली. "तो पूर अडवत नाही. पण किती आलाय ते सगळ्यांना दिसतं. माणसांच्या पुराला असा मारुती हवा. मी दिसून काय होणार?"

"होता, आजी," भाची म्हणाली. "२०१५ ला होता."

आणि तिने जे सांगितले ते नाशिककरांनी अभिमानाने सांगावे असेच आहे. मूळचे नाशिकचे आणि एम. आय. टी.च्या मीडिया लॅबमधले प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने त्या सिंहस्थाआधी गावात कुंभथॉन नावाचा उपक्रम झाला. गावातल्या मुलांनी कुंभातल्या अडचणींवर उपाय शोधावेत असा त्याचा हेतू. त्यात निलय कुलकर्णी हा शाळकरी वयाचा मुलगा आणि त्याचे सहकारी यांनी एक चटई केली. पाऊल पडले की दाब पडतो, दाब पडला की विजेत फरक पडतो, आणि तो फरक एक छोटी चिप मोजते. अमुक वाटेने किती माणसे गेली याचा आकडा बंदोबस्तावरच्या लोकांना तिथल्या तिथे कळावा, म्हणजे वाट तुंबण्याआधी माणसे दुसरीकडे वळवता येतील. चटईचे नाव आशिओतो. जपानी भाषेत त्याचा अर्थ पावलांचा आवाज. पुढे निलयने टेडच्या व्यासपीठावरून सांगितले, की त्या मेळ्यात १८ तासांत पाच लाखांहून अधिक माणसांची मोजदाद झाली.

"म्हणजे कोळी तोच," मावशी म्हणाली.

"साधारण तसलाच. पण आपण त्याला दिवा लावायला सांगितलं. त्यांनी पावलं मोजायला सांगितलं."

आम्ही नदीपाशी आलो. पलीकडे नारोशंकराच्या देवळाची घंटा अंधारात अस्पष्ट दिसत होती. मावशी पायरी पायरी उतरून पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली. कुणी धरले नव्हते. बराच वेळ ती तशीच उभी होती.

परतताना तिनेच तह केला. "पर्वणीला मी जाणार नाही. सिंहस्थ काही एका दिवसाचा नसतो. गुरू सिंहेत चांगला वर्षभर असतो. त्यातला एक साधा दिवस धरायचा. पहाटेची वेळ. याच उतारावरनं जायचं. पण तुम्ही सगळ्यांनी यायचं, आणि सगळ्यांनी असलं जाकीट घालायचं."

"आम्ही कशाला?" ताई म्हणाली. "हरवशील तर तू!"

"मी कधी हरवले? त्या दिवशीसुद्धा मी कुठं आहे ते मला ठाऊक होतं. तुम्ही कुठं आहात ते ठाऊक नव्हतं."

ताईला यावर बोलता येईना. घरी आल्यावर तिने आपली एक जुनी पैठणी काढून मल्टिमीटर लावून पाहिली. ती मुकी निघाली, आणि ज्या दुकानदाराने ती घेताना शपथा घातल्या होत्या त्याचा उद्धार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पंचवटीने मी निघालो. पिशवीत चिवडा होता, आणि त्याच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली काठाची एक पट्टी, सहा दिवे, सहा रोधक आणि भाचीने मजकूर उतरवून दिलेला एक कोळी. माझे जाकीट मीच शिवायचे असे ठरले आहे. मावशी म्हणते, सुईत दोरा ओवणाराला टाका घालता आलाच पाहिजे.

दादरच्या घरात गेले पंधरा दिवस मी ते शिवतो आहे. बोटे टोचून घेतली आहेत, आणि परवा पट्टीची दशी न विसरता मेण लावून दाबली. काल पाच दिवे लागले. तिसरा काही केल्या लागेना. भाचीला फोन केला.

"मामा, त्याचा लांब पाय कुठल्या पट्टीला आहे?"

"खालच्या."

"उलटा लावलायस. लांब पाय अधिकाला. उसव आणि पुन्हा शिव."

आज रात्री तेच करायचे आहे.